7,996 ची रूम 12,204 ला कशी पडली, आणि त्यातले परत किती मागायचे

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीहून आजरा-आंबोली मार्गे गोव्याला जायचं होतं, घरचे चौघं मोठे आणि 11 वर्षांचा मुलगा. ॲपवर कळंगुटचं एक हॉटेल 1,999 ला दिसलं, दोन रूम दोन रात्री म्हणजे 7,996 होतात, पण पैसे भरायच्या पानावर आकडा 9,004 झाला, आणि सकाळी नऊला हॉटेलवर पोचल्यावर काउंटरवर अजून 3,200 मागितले. मुलाचे 1,200, लवकर आल्याबद्दल दोन्ही रूमचे मिळून 1,000, आणि 'मेंटेनन्स' म्हणून 1,000. सगळे मिळून 12,204. हे सगळं कायदेशीर आहे काय आणि यातले किती परत मिळतील, असं त्या विचारताहेत.

मी बेळगावात हॉटेल लाईनमध्ये बरीच वर्षं आहे, आधी काउंटरला बसायचो, आता काही लॉज-हॉटेलांचं ऑनलाईनचं काम बघतो, म्हणजे ॲपवर रेट टाकायचे, रूम उघडायच्या-बंद करायच्या, गेस्टच्या तक्रारी आल्या की उत्तरं द्यायची. त्यामुळं पैसा कुठं वाढतो ते दोन्ही बाजूंनी दिसतं. ताई, आधी उत्तर देतो, कारणं मग सांगतो. तुमचे 4,208 जादा गेले. त्यातले टॅक्सचे 400 बरोबर आहेत. मुलाचे 1,200 बहुतेक बरोबरच निघतील. लवकर चेक-इनचे 1,000 मागायचा हॉटेलला हक्क आहे, पण त्यात बोलून कमी करून घेता आले असते. ॲपची कन्व्हिनियन्स फी 449, ती परत मिळणं अवघड. पण 'मेंटेनन्स'चे 1,000 आणि ॲपनं न विचारता घातलेले 159, हे तुमचे आहेत, हे मागायचेच.

आता एकेक बघू.

टॅक्सचं आधी, कारण यात लोकांचा लई गोंधळ होतोय. 22 सप्टेंबर 2025 पासनं एका रूमचं एका रात्रीचं भाडं 7,500 पर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के, त्याच्या वर गेलं की 18 टक्के. त्याच्या आधी 7,500 पर्यंत 12 टक्के होता, त्यामुळं जुनं बिल हातात घेऊन कुणी 12 मागत असेल तर ते चुकीचं आहे. आणि हे 7,500 एका रूमचं एका रात्रीचं धरायचं, अख्ख्या बिलाचं नाही. तुमचं बिल 7,996 झालं म्हणून 18 टक्के लागत नाही, तुमची रूम 1,999 ची आहे, म्हणजे 5 टक्के, 399 रुपये 80 पैसे, बरोबर लावलाय. काही काउंटरवर पोरं नवीन असतात, टोटल बघून 18 लावून मोकळी होतात, तिथं शांतपणे सांगायचं की रूमप्रमाणे हिशेब करा.

सीझनला गोव्यात किंवा महाबळेश्वरला चांगलं हॉटेल घेताना ही 7,500 ची रेघ डोक्यात ठेवा. 7,400 ची रूम टॅक्स धरून 7,770 ला पडते, आणि 7,600 ची रूम 8,968 ला. भाड्यात फरक 200 चा आणि देताना 1,198 चा. ॲपवर टॅक्सशिवायचा रेट बघून 'दोनशेच जादा आहेत की' म्हणून लोक वरची रूम घेतात. अशा वेळी सरळ हॉटेलला फोन लावून विचारायचं की 7,500 च्या आत बसवता काय. बऱ्याच वेळा बसवतात, कारण टॅक्स वाढला म्हणून त्यांच्या खिशात काही जादा पडत नाही.

काउंटरवर बिल हातात आलं की जीएसटी नंबर बघायची सवय लावून घ्या. 15 आकडी-अक्षरी असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे. कर्नाटक 29, महाराष्ट्र 27, गोवा 30. आपण सीमेवरची माणसं, आज कोल्हापुरात, उद्या पणजीत, परवा हुबळीत, त्यामुळं हे तीन आकडे पाठ असलेले बरे. बिलावर नंबरच नाही आणि खाली जीएसटी मात्र लावलाय, तर तो द्यायचा नाही, ज्याचं रजिस्ट्रेशन नाही त्याला टॅक्स गोळा करता येत नाही. नंबर खरा आहे का तेही जीएसटीच्या पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर' मध्ये टाकून लगेच दिसतंय. लहान लॉज, ज्यांना रजिस्ट्रेशन लागत नाही, ते ॲपवरनं बुक केले तर टॅक्स ॲपच घेतं आणि ॲपच भरतं, म्हणजे तिथं काउंटरवर परत टॅक्स मागितला तर तो डबल झाला.

व्यापारी लोकांसाठी एक, कारण चिकोडी-संकेश्वरकडचे बरेच जण विचारतात. रूमचा टॅक्स हॉटेल ज्या राज्यात आहे त्या राज्याचा लागतो. म्हणजे तुमची फर्म कर्नाटकात आणि मुक्काम कोल्हापुरात, तर त्या बिलावरचा जीएसटी तुम्हाला इनपुटमध्ये घेता येत नाही, म्हणजे तुमच्या फर्मनं भरायच्या जीएसटीतनं वजा करता येत नाही, बिलावर फर्मचा नंबर घालून घेतला तरी नाही. तो खर्चच धरा.

आता ॲपचं. तुम्ही स्क्रीनशॉट पाठवलाय त्यात 1,999 मोठ्या ठळक अक्षरात आहे आणि त्याच्या खाली बारीक करड्या अक्षरात टॅक्स आणि फी वेगळी असं लिहिलंय. मोबाईलची ब्राइटनेस कमी असली तर ती ओळ दिसतच नाही. असं का करतात, तर लोक 'लो टू हाय' लावून बघतात, आणि ज्याचा आकडा लहान तो वर येतो, म्हणून प्रत्येकालाच आपला पहिला आकडा लहान दाखवायचा असतोय. त्यावर उपाय एकच, बऱ्याच ॲपमध्ये फिल्टरमध्ये किंवा सेटिंगमध्ये टॅक्स धरून टोटल दाखवायचा ऑप्शन असतो, तो चालू करून मगच हॉटेलं एकमेकांशी ताडून बघायची. आणि नसेल ऑप्शन तर आवडलेली दोन-तीन हॉटेलं पेमेंटच्या पानापर्यंत नेऊन बघा, तिथपर्यंत जायला पैसे पडत नाहीत.

तुमच्या 9,004 मध्ये 449 कन्व्हिनियन्स फी आहे. ही ॲपची स्वतःची कमाई, त्यात 18 टक्के जीएसटी पण धरलेला असतोय. पैसे भरण्याआधी ती पानावर वेगळी दाखवली होती आणि तुम्ही 'पे' दाबलं, म्हणून ती परत मागायला आधार कमी आहे. बुकिंग कॅन्सल केलं तरी ही फी सहसा परत देत नाहीत, 'फ्री कॅन्सलेशन' लिहिलेलं असलं तरी. तेवढं आधी वाचून घ्यायचं.

पण त्याच्या खाली 149 'ट्रिप प्रोटेक्शन' आणि 10 रुपये डोनेशन आहे, आणि तुम्ही म्हणताय की मी कुठंच टिक केलं नाही. टिक आधीच केलेलं होतं. हे चालत नाही. 2020 चे ई-कॉमर्सचे नियम आहेत ग्राहक संरक्षण कायद्याखाली, त्यात स्पष्ट लिहिलंय की ग्राहकाची संमती त्याच्या स्वतःच्या कृतीनं घ्यायची, आधीच टिक केलेल्या चौकोनातनं नाही. आणि 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 'डार्क पॅटर्न' वर गाइडलाइन काढल्या, फसवायच्या 13 पद्धती त्यात नावानिशी आहेत. न विचारता बास्केटमध्ये काहीतरी सरकवायचं, त्यात डोनेशनसुद्धा आलं, त्याला 'बास्केट स्नीकिंग' म्हटलंय. किंमत आधी पूर्ण न सांगता थोडी थोडी वाढवत न्यायची किंवा बुकिंग झाल्यावर जादा मागायचं, त्याला 'ड्रिप प्रायसिंग'. 'फक्त 1 रूम शिल्लक, 14 जण बघताहेत' असली खोटी घाई पण त्यात आहे. तक्रार लिहिताना हे दोन शब्द, बास्केट स्नीकिंग आणि ड्रिप प्रायसिंग, असेच्या असे लिहा. नुसतं 'मला फसवलं' लिहिलं की कस्टमर केअरवाला ठरलेलं उत्तर चिकटवतो, नियमाचं नाव दिसलं की ते प्रकरण वरच्या माणसाकडं जातं, हे मी आमच्याकडं येणाऱ्या तक्रारींवरनं सांगतोय.

आता हॉटेलवाले काउंटरवर जादा का मागतात ते सांगतो, कारण कारण कळलं की कुठं दाबायचं ते पण कळतं. समजा 1,999 ची रूम विकली. ॲपचं कमिशन समजा 20 टक्के धरा, जाहिरात आणि डिस्काउंट धरून कुणाचं त्याहून जादा पण जातंय. 400 गेले, त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी 72 गेले, हातात आले 1,527. पूर्वी 12 टक्के टॅक्स होता तेव्हा हे 72 हॉटेलला इनपुटमध्ये वळते करता यायचे. आता 5 टक्क्याच्या दरात इनपुट मिळत नाही, म्हणजे ते 72, लाँड्रीवरचा टॅक्स, एसीच्या दुरुस्तीवरचा टॅक्स, सगळं हॉटेलच्याच अंगावर. गेस्टला टॅक्स कमी झाला हे खरं, पण लहान हॉटेलचं गणित आवळलं हेही खरं. मग काही जण ॲपवर रेट पाडून वर यायचं बघतात आणि पडलेलं काउंटरवर भरून काढतात. मेंटेनन्स, क्लीनिंग, एसी चार्ज, जनरेटर चार्ज, गीझर चार्ज, नाव काहीही देतात. माझ्या लाईनच्या माणसांबद्दल मला आस्था आहे, धंदा सोपा राहिला नाही हेही मान्य, पण हे करणं चूक आहे आणि मी ज्यांचं काम बघतो त्यांना हे करू देत नाही. रेट परवडत नसेल तर ॲपवर वाढवावा. एसीची रूम म्हणून विकली आणि मग एसी चालू करायचे पैसे मागितले, तर मग विकलं काय?

म्हणून 'मेंटेनन्स'चे 1,000. रूममागे रात्रीला 250 प्रमाणे लावलेत. तुमच्या व्हाउचरवर 'पेएबल ॲट हॉटेल' समोर शून्य आहे. हॉटेलच्या पानावर, पॉलिसीत, कुठंच हा चार्ज लिहिलेला नाही, मी आत जाऊन बघितलं. पूर्ण पैसे भरून बुकिंग कन्फर्म झाल्यावर न सांगितलेला सक्तीचा चार्ज घेतला, ही ड्रिप प्रायसिंगची सरळ केस आहे. जेवणाच्या बिलात 'सर्व्हिस चार्ज' आपोआप लावत असतील तर तेही तसंच, त्याच प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या गाइडलाइनप्रमाणे तो आपोआप लावता येत नाही, आणि 2025 च्या मार्चमध्ये दिल्ली हायकोर्टानं त्या गाइडलाइन कायम केल्या. काढा म्हणून सांगायचं, काढतात.

मुलाचे 1,200 मात्र वेगळे. ॲपवर शोधताना तुम्ही '4 ॲडल्ट, 2 रूम' टाकलं, मुलगा टाकलाच नाही. बहुतेक जण असंच करतात, कारण मूल टाकलं की रेट वाढतो नाहीतर रूमच दाखवत नाही. हॉटेलच्या बाजूला आम्ही एक पान भरतो, त्यात वयाचे रकाने असतात, किती वर्षांपर्यंत फुकट, किती ते किती जादा गादीशिवाय, किती ते किती गादीसह, आणि त्याच्या पुढं मोठ्या माणसाचा दर. कुणी 5 पर्यंत फुकट ठेवतं, कुणी 8, कुणी 12. तुम्ही घेतलेल्या हॉटेलनं 6 ते 12 ला रात्री 600 असं ठेवलंय आणि ते पानावर खाली 'चाइल्ड अँड एक्स्ट्रा बेड पॉलिसी' मध्ये लिहिलेलं आहे. दोन रात्रींचे 1,200 झाले. लिहिलेलं असल्यानं ते मागू शकतात. पण त्या पैशात गादी द्यायला पाहिजे. गादी दिली नसेल, मुलगा तुमच्याच बेडवर झोपला असेल, तर त्यातले निम्मे तरी परत मागायला हरकत नाही, हे हक्कानं नाही, बोलून.

लवकर आल्याचे 1,000 याचं पण तसंच. हॉटेलचा चेक-इन दुपारी 1 चा होता, तुम्ही नऊला पोचलात. आपल्याकडं बेळगाव-कोल्हापूरच्या जुन्या लॉजना अजून बऱ्याच ठिकाणी 24 तासांचा हिशेब असतो, सकाळी सातला आला तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत रूम तुमची. त्याची सवय असलेला माणूस गोव्यात, बेंगळुरात गेला की अडकतो, राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं सकाळी सकाळी बेंगळुरात उतरायचं आणि चेक-इन बाराचा, मग हॉटेलवाला अर्धं भाडं मागतो. त्याला उपाय दोन. आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करून विचारायचं, रूम रिकामी असेल तर बरेच जण असंच देतात, आम्ही देतो. नाहीतर काउंटरवर बॅगा ठेवून, कॉमन बाथरूममध्ये तोंड-हातपाय धुवून फिरायला जायचं आणि दुपारी रूम घ्यायची, याला कुणी चांगलं हॉटेल पैसे घेत नाही. गाडीतनं आंबलेले सासू-सासरे बरोबर असताना काउंटरवर माणूस वाद घालत नाही, हो म्हणतो, आणि हॉटेलवाल्याला ते माहीत असतंय. म्हणून हे बोलणं आदल्या दिवशीच करायचं.

31 डिसेंबरचं सांगून ठेवतो, कारण आपल्याकडचे ढीगभर लोक चोर्ला घाटानं तिकडंच जातात. गोव्यातली बरीच मोठी हॉटेलं 24 आणि 31 तारखेला 'गाला डिनर' कम्पल्सरी ठेवतात, माणशी काही हजार, मुलांचं वेगळं. तुम्ही जेवा नाहीतर जेवू नका. बुकिंगच्या पानावर ही ओळ खूप खाली असते. त्या तारखांना बुक करताना हॉटेलकडनं लेखी घ्या, गाला डिनर आहे काय, किती, रेटमध्ये धरलाय काय.

आणि रेटच्या पुढं ईपी, सीपी, एमएपी, एपी अशी अक्षरं असतात तिकडं बघा. ईपी म्हणजे नुसती रूम. सीपी म्हणजे नाश्ता धरून. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक वेळचं जेवण, एपी म्हणजे सगळं. ईपी घेऊन सकाळी खाली जाऊन पाच जण बुफेला बसले की माणशी वेगळे लागतात, आणि मग 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' म्हणून भांडण होतं.

आता आपल्या गावचं. बेळगावात बाहेरनं येणाऱ्यांनी डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या तारखा बघून मगच रूम घ्यावी. सुवर्ण विधानसौधला अधिवेशन भरलं की आमदार, अधिकारी, पोलीस, पत्रकार, सगळ्यांना रूम लागतात, आधीच बुकिंग झालेलं असतं, आणि उरलेल्या रूमचे रेट ॲपवर आपोआप चढतात. याला जादा चार्ज म्हणता येत नाही, मागणीप्रमाणे रेट आहे. पण तुमचं बुकिंग आधीच कमी रेटला कन्फर्म झालंय आणि आता हॉटेल फोन करून 'रेट चुकून पडलाय, फरक भरा नाहीतर कॅन्सल करा' म्हणत असेल, तर स्वतः कॅन्सल करू नका. तुम्ही कॅन्सल केलं की पैसे कापून जातात आणि चूक तुमच्या नावावर चढते. ॲपला कळवा आणि दुसरी रूम त्यांच्याकडं मागा. लग्नसराईत वऱ्हाडासाठी आठ-दहा रूम घेणाऱ्यांचं असं लई होतं, त्यांनी तर ॲपच्या नादाला लागूच नये, हॉटेलात जाऊन ॲडव्हान्स देऊन पावतीवर रेट, टॅक्स, जादा गादी, ड्रायव्हरची झोपायची सोय, सगळं लिहून घ्यावं.

दवाखान्याचं मला जास्त लागतं मनाला. सावंतवाडी, चंदगड, दोडामार्ग, गोवा, कुठनं कुठनं पेशंट बेळगावला येतात, बरोबर दोन माणसं, आणि डिस्चार्ज कधी ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. मग हे लोक एकेक दिवसाचं बुकिंग ॲपवर करत राहतात. रोज नवीन बुकिंग, रोज नवीन फी, आणि मधेच रेट वाढला तर वाढला. मी काउंटरला असताना एक बाई रोज सकाळी खाली येऊन मोबाईल पुढं करायच्या, 'आजचं पण करून द्या हो', आणि पदराच्या गाठीतनं पैसे काढून भाच्याच्या खात्यावर टाकायला द्यायच्या. त्यांना म्हटलं मावशी, तुम्ही इथंच उभ्या आहात, मला सरळ द्या की. थेट केलं तर फी वाचली, मालकांनी आठवड्याचा रेट लावला आणि दवाखान्याचा कागद बघून अजून थोडं कमी केलं. दवाखान्यासाठी राहणाऱ्यांनी पहिली रात्र कशीही काढा, दुसऱ्या दिवशी काउंटरवर जाऊन आठवड्याचा रेट मागा. मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आणि एक, आपल्याच गावात रूम घेणाऱ्यांसाठी. काही लॉज 'लोकल आयडी चालणार नाही' असं ठेवतात. घरी पाहुणे मावत नाहीत म्हणून बेळगावच्याच माणसानं बेळगावातच रूम बुक केली, आधार दाखवलं, पत्ता बेळगावचा, रूम नाही म्हणाले, आणि बुकिंग नॉन-रिफंडेबल. पॉलिसीत लिहिलेलं असेल तर पैसे गेले, लिहिलेलं नसेल तर पूर्ण परत मिळायला पाहिजेत. बुक करायच्या आधी 'लोकल आयडी' हे दोन शब्द पॉलिसीत शोधा.

ॲप सोडून थेट हॉटेलला विचारावं का, तर नक्की विचारावं. पूर्वी मोठे ॲप हॉटेलवाल्यांना करारातच बांधून घ्यायचे की आमच्यापेक्षा कमी रेट दुसरीकडं द्यायचा नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये स्पर्धा आयोगानं यावर मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223 कोटी 48 लाखांचा दंड सुनावला आणि असल्या अटी काढायला सांगितल्या. तर ॲपवर हॉटेल बघायचं, रिव्ह्यू वाचायचे, जुन्या रिव्ह्यूत 'एक्स्ट्रा चार्ज' शोधायचं, लोक लिहून ठेवतात, आणि मग हॉटेलला व्हॉट्सॲप करायचं. मी लोकांना असा मेसेज लिहून देतो: '2 रूम, 2 रात्री, 4 मोठे, 1 मुलगा 11 वर्षांचा, 1 कार. सकाळी 9 ला पोचणार. नाश्ता, टॅक्स, जादा गादी, पार्किंग, लवकर चेक-इन सगळं धरून एकूण किती? याशिवाय काउंटरवर काही द्यावं लागेल काय?' उत्तर लेखी येऊ दे. फोनवर 'या की, काही नाही लागत' म्हणणारा माणूस तुम्ही पोचता तेव्हा ड्युटीवर नसतो. ॲपवरनंच बुक करायचं असलं तरी हा मेसेज आधी पाठवून ठेवा.

फक्त हॉटेलचा नंबर कुठनं घेता ते बघा. गुगलवर हॉटेलच्या नावानं खोटे नंबर टाकलेले असतात, देवस्थानांच्या भक्तनिवासांच्या नावानं तर अख्ख्या खोट्या वेबसाईट फिरतात. ॲडव्हान्सचा क्यूआर पाठवतात, स्कॅन केल्यावर नाव हॉटेलचं किंवा संस्थानचं न येता कुठल्यातरी माणसाचं येतं, तिथंच थांबा. बुकिंग झाल्यावर 'तुमचं कार्ड व्हेरिफाय करा नाहीतर रूम कॅन्सल होईल' असा लिंकवाला मेसेज आला तर दाबू नका, हॉटेलला स्वतः फोन लावा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, जितका उशीर तितके पैसे पुढं पुढं सरकतात.

तर ताई, तुम्ही आता काय करायचं ते सांगतो. ॲपकडं तक्रार टाका, चॅटवर नको, त्यांच्या ग्रीव्हन्स ऑफिसरच्या ईमेलवर, तो वेबसाईटच्या तळाला असतो, ठेवावाच लागतो. 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल असा नियम आहे. दोन मागण्या वेगवेगळ्या लिहा. ॲपकडनं 159, आधीच टिक केलेलं होतं म्हणून. हॉटेलकडनं 1,000, बुकिंगनंतर न सांगितलेला सक्तीचा चार्ज म्हणून. सोबत व्हाउचर, पेमेंटच्या पानाचा स्क्रीनशॉट, काउंटरवरची पावती जोडा. पावती दिली नसेल तर यूपीआयचं स्टेटमेंट चालतं. मुलाचे आणि लवकर चेक-इनचे पैसे या तक्रारीत मिसळू नका, ते मिसळले की ते त्यावरच उत्तर देतात आणि बाकीचं बाजूला पडतं.

महिन्यात काही झालं नाही तर 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला, दोन्ही चालतं. तिथनं कंपनीला तक्रार जाते आणि लहान रकमा बऱ्याच वेळा इथंच सुटतात. नाहीच सुटली तर ग्राहक आयोग. आणि हॉटेल गोव्यात आहे म्हणून गोव्याला हेलपाटे घालायचे असं काही नाही, 2019 च्या कायद्यानं तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे बेळगावात, तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरनं ऑनलाईन टाकता येते, मुदत दोन वर्षांची. 1,159 साठी कोण जाणार म्हणाल, पण हे सगळं माहीत आहे एवढं तक्रारीत दिसलं तरी समोरचा लवकर हलतो.

हॉटेलवाले कदाचित फोन करून म्हणतील की पुढच्या वेळी या, एक रात्र फ्री देतो, किंवा ॲपवाले वॉलेटमध्ये पॉइंट टाकतो म्हणतील. घेऊ नका. पॉइंटला मुदत असते आणि फ्री रात्रीला सीझनच्या तारखा चालत नाहीत. ज्या खात्यातनं पैसे गेले त्याच खात्यावर परत पाहिजेत असं लिहून कळवा, आणि ते जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत तक्रार 'क्लोज' करायला हो म्हणू नका.